जुन्या एमएक्स-५ला टायर कोणते: पावसाचे, रस्त्याचे की ट्रॅकचे?

ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे छत उघडणारी दोन-आसनी छोटी स्पोर्ट्सकार, किंवा जपानहून आलेली तिची जुळी युनोस रोडस्टर, ज्यांच्याकडे आहे त्यांचे टायर सहसा झिजून जात नाहीत, वयाने जातात. गाडी वर्षाला तीन-चार हजार मैल फिरते, हिवाळाभर गॅरेजात उभी असते. नक्षी पाच मिलिमीटर शिल्लक आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, केसाएवढ्या भेगा, अशी गत झाल्यावर टायर बदलावे लागतात. त्यामुळे ‘हे टायर खूप वर्षं टिकतात’ या दुकानदाराच्या वाक्याला इथे काही किंमत नाही. टिकण्यासाठी कडक केलेलं रबर आपण झिजवणारच नाही. ओल्या रस्त्यावर घसरत मात्र राहू. टिकाऊपणाच्या नावावर विकले जाणारे टायर मी यादीतून आधीच काढून टाकतो.

वय बघायचं ते साइडवॉलवर ‘DOT’ या अक्षरांपुढे उमटवलेल्या डॉट क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली डोकावा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २०००च्या आधीचा, त्यावर गाडी हलवूसुद्धा नका. नवे घेताना हाच कोड दुकानदाराला आधी फोनवर विचारून ठेवलेला बरा. जुन्या गाड्यांच्या मापाचा माल दुकानात पडून राहतो.

मापाचं आधी उरकून घेऊ. कारखान्यातून आलेलं माप १८५/६० आर१४, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १४ इंची. बहुतेक गाड्यांवर आता १५ इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं) चढलेले असतात आणि त्यांचं योग्य माप १९५/५० आर१५. दोन्हींचा व्यास हिशेबाने ५७८ आणि ५७६ मिलिमीटर येतो, म्हणजे स्पीडोमीटरला कळतही नाही. १९५/५५ आर१५ बसतो, पण व्यास तीन टक्क्यांनी वाढतो. काटा कमी वेग दाखवायला लागतो आणि गिअरिंग लांबतं, म्हणजे गाडी वेग घ्यायला मंदावते. सोळाशे सीसीच्या गाडीला ते परवडत नाही. २०५/५० आर१५ला सहा इंची रिम चालते, पण टायर शोभतो सात इंचीवर. आणि पॉवर स्टीअरिंग नसलेली गाडी असेल तर पार्किंगमध्ये त्या दहा मिलिमीटरची किंमत खांदे देतात.

१४ इंची मूळ चाकं ठेवावीत का? गाडी अस्सल ठेवायची असेल तर जरूर ठेवा. ती हलकी आहेत, खड्ड्यात गाडी कमी आपटते. अडचण निवडीची आहे. १८५/६० आर१४मध्ये आता साध्या छोट्या गाड्यांचे टायर मिळतात, चांगले स्पोर्टी नमुने एकेक करून कमी होत चालले आहेत. १९५/५० आर१५ हे माप मात्र फोर्ड फिएस्टाच्या कृपेने इथे जवळपास प्रत्येक दुकानात असतं. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५वरचे सहा इंच रुंदीचे १५ इंची अलॉय पहिल्या पिढीवर काहीही खटाटोप न करता बसतात. पुढचं सगळं या मापाबद्दल.

आता खरी निवड. ट्रॅकचे आधी घेतो, कारण त्यांचा निकाल लवकर लागतो. टोयो आर१आर, योकोहामा एडी०८आरएस, नानकांग एनएस-२आर ही त्या वर्गातली या मापातली नावं. कोरड्या, उबदार रस्त्यावर यांच्या पकडीला तोड नाही. पण साडेनऊशे किलोची गाडी रस्त्याच्या वेगाने चालवून असे टायर नीट तापतच नाहीत, आणि त्यांचं मऊ रबर तापल्याशिवाय आपलं काम दाखवत नाही. मऊ रबर बारीक खडी उचलतं आणि चाकाच्या कमानीत व दाराखालच्या सिलवर भिरकावतं. नव्या गाडीत हा नुसता आवाज. तीस वर्षांच्या एमएक्स-५मध्ये सिलवरचा रंग उडणं म्हणजे गंजाला आमंत्रण, आणि या गाडीचं मरण सिलच्या गंजातच असतं. वर्षातून चार-पाच ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचे दिवस, करणाऱ्याने दुसरा संच घ्यावा. एकाच संचावर सगळं भागवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं मला वाटतं.

राहिले दोन: पावसासाठी बनवलेले आणि स्पोर्टी रस्त्याचे.

पावसाच्या टायरांची बाजू भक्कम आहे, ती आधी मांडतो. रुंद खाचा, बाणासारखी नक्षी, थंडीतही लवकर नरम होणारं रबर. साचलेल्या पाण्यात हलकी गाडी तरंगायला वेळ लागत नाही, आणि एमएक्स-५ हलकीच आहे. मागच्या चाकांवर चालणारी, बहुतेकांत ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी एबीएसही नाही. पावसात मोटारवेवर हे टायर जी निश्चिंती देतात ती दुसऱ्या कशात नाही. किंमतही थोडी कमी. रोज कामाला याच गाडीने जाणाऱ्याने इथेच थांबावं, मी वाद घालणार नाही.

माझं घोडं अडलं ते साइडवॉलपाशी. यातल्या पुष्कळशा टायरांची भिंत मऊ असते, आणि ते राउंडअबाउटवर कळतं. आत शिरताना डावीकडे, मग बेटाभोवती उजवीकडे, बाहेर पडताना पुन्हा डावीकडे, असे तीन पालट काही सेकंदांत होतात. पहिल्या वळणाला काही जाणवत नाही. दुसऱ्याला स्टीअरिंग फिरतं, रिम फिरते, पण रस्त्याला चिकटलेला भाग मागेच राहतो. मधली भिंत आधी एका अंगाला कलते, मग सावरते, आणि त्यानंतर नाक वळतं. तोवर हाताने थोडं जास्त वळवलेलं असतं, ते परत घ्यावं लागतं. जाड गादीवर उभं राहून चटकन मागे वळायला गेलं की जसं होतं, तसं. तिसऱ्या पालटाला मागचा भागही अर्धा क्षण उशिरा येतो, आणि गाडी घसरली की काय अशी शंका येते. घसरलेली नसते. पकड भरपूर असते, फक्त निरोप उशिरा पोचतो.

आता ही गाडी आपण घेतो कशासाठी? ताकद जेमतेम ११५ अश्वशक्ती. जे काही सुख आहे ते हातात घेतलेल्या चाकाने लगेच उत्तर देण्याचं. तेच उत्तर अडखळत आलं तर उरते ती दोन माणसांची, सामानाला जागा नसलेली, छतातून वारा येणारी जुनी गाडी.

हवा वाढवून पाहणं हा पहिला उपाय सगळे करतात. कारखान्याची शिफारस थंड टायरला २६ पीएसआय दाबाची. २९-३०पर्यंत नेली की उशीर थोडा कमी होतो, पण गाडी डांबराच्या जोडांवर उड्या मारायला लागते आणि नक्षी मध्येच घासते. उलट एक्स्ट्रा लोडचे, म्हणजे ८६ भारांकाचे टायर घेतले तर भिंत कडक मिळते, पण ती या वजनाला फार कडक. ८२ भारांक म्हणजे एका टायरला ४७५ किलो. चार टायरांना १९०० किलो, गाडीच्या वजनाच्या जवळपास दुप्पट. साधा ८२व्ही (व्ही हे वेगमर्यादेचं अक्षर) पुरतो.

म्हणून माझं पारडं झुकतं ते स्पोर्टी रस्त्याच्या टायरकडे. योकोहामाचा अ‍ॅडव्हान फ्लेवा व्ही७०१ हा या वर्गाचा नमुना. भिंत ट्रॅकच्या टायरइतकी ताठ नाही, पण दुसरा पालट पहिल्यासारखाच लागतो. ओल्यात पावसाच्या टायरइतका भरवसा नाही हे मान्य. साचलेल्या पाण्यात वेग थोडा आधी उतरवावा लागतो. ओल्या पण पाणी न साचलेल्या रस्त्यावरचा फरक मला तरी हाताला लागत नाही. थंडीत पारा सात अंशांखाली गेला की रबर ताठरतं, पण तेव्हा रस्त्यावर मीठ असतं आणि गाडी तशीही गॅरेजात असते. मीठ असतानाही चालवणार असाल तर वरचा सगळा हिशेब उलटा करा.

टायर कोणतेही घ्या, बसवताना तीन ठिकाणी घात होतो.

पहिलं, जॅक. दुकानातला पोरगा घाईत जॅक सिलखाली लावतो आणि सिलची शिवण चेपते. पुढे इंजिनखालचा आडवा सबफ्रेम आणि मागे डिफरन्शियलचं घर, ही उचलायची जागा. सिललाच लावायचा तर नेमून दिलेल्या खुणांवर, खाच पाडलेला रबरी ठोकळा ठेवून. हे आधी सांगा, उभे राहून बघा.

दुसरं, रिम. पंचवीस वर्षांच्या अलॉयवर टायरची कड बसते तिथे गंजाची पांढरी पूड धरलेली असते. ती वायर ब्रशने घासून काढली नाही तर आठवड्याला दोन-तीन पीएसआय गळत राहतात आणि दोष टायरला जातो. व्हॉल्व्ह नवे घालायलाच सांगा. बाहेरून घेतलेल्या अलॉयच्या मधल्या भोकाला ५४.१ मिलिमीटरची कडी आहे का तेही बघा. चाक हबवर नेमकं मध्यावर बसलं नाही की ६०-६५ मैलांना स्टीअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीदाही केलं तरी जात नाही. नट हवेच्या बंदुकीने ठोकू देऊ नका. ८८ ते ११८ न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने, आणि पन्नासेक मैलांनंतर पुन्हा एकदा.

तिसरं, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, आणि जुन्या गाडीत खरा खर्च इथे निघतो. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे, फिरवून चाकाचा कोन बदलणारे एक्सेंट्रिक बोल्ट रबरी बुशच्या नळीत गंजून घट्ट बसलेले असतात. ते फिरत नाहीत म्हटल्यावर दुकानदार फक्त पुढचा टो (वरून पाहिल्यावर चाकांची नाकं आत की बाहेर) लावून पैसे घेतो आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) आहे तसाच राहतो. अपॉइंटमेंटच्या आठवडाभर आधी रोज गंज सोडवणारं भेदक तेल मारा, पाना लावून हलतात का बघा. नाहीच हलले तर बोल्ट आणि बुशची तयारी ठेवा. रस्त्यासाठी पुढे कॅम्बर उणे एकच्या आसपास, टो शून्य. मागे कॅम्बर उणे दीड आणि अगदी किंचित टो-इन (नाकं आत), एवढ्यावर गाडी छान वागते. पुढचा टो बाहेर राहिला तर नवे टायर काही हजार मैलांत आतल्या कडेने खाल्ले जातात.

दोनच टायरांचे पैसे असतील तर नवे मागे घाला, पुढे नव्हे. पण वेगवेगळ्या जातीचे पुढे-मागे ठेवून एमएक्स-५चा तोल बिघडतो, तेव्हा शक्यतो थांबून चारही एकदम घ्यावेत. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा थर असतो, तो जायला शंभरेक मैल लागतात. बसवल्या दिवशी पाऊस असेल तर पहिल्या राउंडअबाउटवर कोणताही टायर जोखू नका.