‘१६ ते ६०० ओहम’ छापलेला डबा आणि त्याने घातलेली टोपी

कमी बजेटमध्ये हेडफोनला जोडीचा आवाज वाढवणारा डबा, म्हणजे अ‍ॅम्प शोधणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पेटीवर ‘१००० मिलिवॅट’ ठळक अक्षरांत असतं, ‘१६ ते ६०० ओहम, सर्व हेडफोनसाठी’ असंही असतं (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप). ते १००० मिलिवॅट किती ओहमला आणि आवाज किती फाटलेला असताना, हे मात्र कुठेच नसतं. माझे पैसे या न छापलेल्या ओळीत गेले.

माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० आहे, ३०० ओहमचा. १९९७ पासून चालत आलेलं मॉडेल, आणि त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. विक्रेत्याला (नाव देत नाही) एवढंच विचारलं होतं, की याला परवडेल असा अ‍ॅम्प कोणता. त्याने आधी फोनला थेट हेडफोन लावून एक गाणं ऐकवलं आणि मग तेच गाणं एका छोट्या काळ्या डब्यातून. डब्यावर काचेची ट्यूब (जुन्या रेडिओत असायची तशी), तिच्यात नारिंगी उजेड. दुसऱ्या वेळी गाणं भरदार वाटलं. वाटणारच, कारण आवाज मोठा होता. तुलना करताना एक बाजू डेसिबलभर जरी मोठी असली, तरी कानाला ती ‘मोठी’ न वाटता ‘चांगली’ वाटते: बास जास्त, बारकावे जास्त. म्हणूनच गंभीरपणे तुलना करणारे लोक मीटर लावून दोन्ही बाजूंचं व्होल्टेज आधी सारखं करतात आणि मगच ऐकतात. या गृहस्थाने उलट गेनचं (आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं) बटण ‘हाय’वर करून ठेवलेलं होतं.

तो डबा मी घेतला. घरी ऐकताना ड्रमचा ठोका दबका येई आणि आवाज वाढवला की चरचरे. विक्रेत्याला कळवलं. उत्तर तयारच होतं: “ट्यूब नवीन आहे, २०० तास बर्न-इन होऊ द्या, मग बघा कसा खुलतो.”

‘बर्न-इन’ म्हणजे नवी वस्तू बराच वेळ चालवून मुरू देणं. विक्रेत्याच्या या एका वाक्यात सगळा धंदा आहे. रोज तीन तास ऐकलं तरी २०० तासांना दोन महिन्यांहून जास्त लागतात. माल परत करायची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. ट्यूब तापून स्थिर व्हायला काही मिनिटं लागतात हे खरं, पण ३०० ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज पुरत नसेल तर ते दोनशे तासांनीही पुरणार नाही. विक्रेता ‘बर्न-इन’ म्हणाला की आधी परत करायची शेवटची तारीख बघावी.

थोडा हिशेब मांडतो, कारण टोपी घालणारे नेमके इथेच आपल्याला गाठतात. हेडफोनचे दोन आकडे हवेत. एक इंपिडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका मिलिवॅटला किती डेसिबल. एचडी ६०० ची सेन्सिटिव्हिटी साधारण ९७ डेसिबल आहे. संगीतातली सर्वांत मोठी टोकं ११० डेसिबलपर्यंत न फाटता यावीत असं धरलं, तर आणखी १३ डेसिबल हवेत, म्हणजे सुमारे २० मिलिवॅट. बस, इतकेच. पण ३०० ओहममधून २० मिलिवॅट ढकलायला जवळजवळ २.४५ व्होल्ट लागतात. याला वॅटची नाही, व्होल्टची भूक आहे.

आता हायफायमॅनचा एचई-६ घ्या. इंपिडन्स फक्त ५० ओहम. ओहम बघून माल विकणारा म्हणेल, हा तर सोपा. पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ आहे, त्यामुळे त्याच ११० डेसिबलला साधारण ४५० मिलिवॅट लागतात, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअरच्या आसपास. ५० ओहमचा हेडफोन ३०० ओहमच्या हेडफोनपेक्षा वीसपटीहून अधिक पॉवर मागतो! तेव्हा ‘१६ ते ६०० ओहम’ या छापील पट्ट्याला काही अर्थ नाही. वायर जोडली तर आवाज येईल, एवढीच त्याची हमी.

माझा डबा यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतो. आत व्होल्टेज चढवणारं सर्किट नसेल, तर लहर टोकापासून टोकापर्यंत ५ व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही. साइन लहरीसाठी हे जास्तीत जास्त १.७७ व्होल्ट आरएमएस (म्हणजे मीटरवर दिसणारं परिणामी व्होल्टेज) झाले. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम केलं की ३२ ओहमवर ९८ मिलिवॅट येतात. पेटीवरच्या १००० मिलिवॅटला त्याच ३२ ओहमवर ५.६६ व्होल्ट लागले असते. झाकण उघडून पाहिलं. व्होल्टेज चढवणारा एकही भाग आत नव्हता. (चांगले यूएसबी अ‍ॅम्प असा भाग घालतात, त्यामुळे ५ व्होल्टवर चालतो म्हणजे लबाडच, असं समजू नका.)

मग साधा मल्टिमीटर घेतला. फोनवर ६० हर्ट्झचा टोन पूर्ण पातळीवर लावला, मीटर एसी व्होल्टवर. कमी हर्ट्झचा टोन एवढ्यासाठी, की स्वस्त मीटर वरच्या हर्ट्झला चुकीचं वाचतात. टोन फाटायच्या आत जेवढं मिळेल तेवढं घेतलं. हेडफोन न लावता १.३५ व्होल्ट, हेडफोन लावल्यावर १.१. नंतर हेडफोन काढून ६८ ओहमचा रेझिस्टर लावला, तर व्होल्टेज बरोबर निम्म्यावर. याचा अर्थ अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला विरोध, म्हणजे आउटपुट इंपिडन्सच ६८ ओहम! हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा तो कमी असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. ३२ ओहमचा हेडफोन लावला तर याच डब्यातून जेमतेम सहा मिलिवॅट बाहेर पडतील. छापलेत हजार.

जास्त आउटपुट इंपिडन्स हाच काही गुन्हा नाही. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात तर १२० ओहम सुचवलेले होते. पण त्यामुळे हेडफोनचा इंपिडन्स जिथे चढतो तिथे आवाजही जरा चढतो. एचडी ६०० मध्ये ही जागा १०० हर्ट्झच्या आसपास आहे. विक्रेता ज्याला ‘ट्यूबची ऊब’ म्हणत होता, ती एवढीशी फुगवटी होती. अनेक ड्रायव्हरच्या (आत एकाहून जास्त छोटे स्पीकर असलेल्या) इयरफोनवर हाच प्रकार स्वराचा तोल पार बिघडवतो.

आणि ती ट्यूब! अर्धा तास चालू ठेवूनही काच गार. खऱ्या ट्यूबमध्ये कॅथोड तापल्याशिवाय आवाज येत नाही, काही सेकंद तरी थांबावंच लागतं. इथे स्विच दाबताच गाणं सुरू. शेवटी ट्यूब उपसून काढली, तर गाणं तसंच चालू. नारिंगी उजेड खालच्या एलईडीचा होता. देवघरातल्या विजेच्या निरांजनासारखा प्रकार: दिसायला ज्योत, तेलाचा पत्ता नाही. ट्यूब उपसायचा प्रयोग मी हा डबा ५ व्होल्टवर चालतो हे माहीत असल्यामुळे केला. खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये शेकडो व्होल्ट असू शकतात, तिथे हात घालू नका. काच गार आहे का आणि आवाज लगेच येतो का, या दोन गोष्टी लांबूनही कळतात.

एवढं कळवल्यावर विक्रेत्याने परतावा द्यायच्या ऐवजी आणखी दोन वस्तू पुढे केल्या. पहिली, ‘भारी’ ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी) चिप. नामांकित चिपचं नाव खरवडून छापलेल्या नकली चिप बाजारात उदंड आहेत, आणि अस्सल मिळाली तरी ५ व्होल्टची मर्यादा ती ओलांडणार नाही. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या माणसाने ओ२ नावाच्या अ‍ॅम्पचा आराखडा सगळ्या मोजमापांसकट खुला केला, त्यात एनजेएम४५५६ए ही अगदी साधी चिप आहे. भारी चिपचं आमिष दाखवणाऱ्याला ही माहिती आवडत नाही.

दुसरी वस्तू, ‘बॅलन्स्ड’ ४.४ मिलिमीटरची केबल. चौपट पॉवर मिळेल म्हणे. बॅलन्स्ड आउटपुटने व्होल्टेज दुप्पट होऊ शकतं आणि त्यामुळे पॉवर चौपट, पण त्यासाठी आत दोन्ही चॅनेलना दुहेरी सर्किट लागतं. माझ्या डब्यात तसं सॉकेटच नव्हतं. केबल घेतल्यावर ‘आता तसा अ‍ॅम्पही घ्या’ हे पुढचं वाक्य असणार.

याच विक्रेत्याने माझ्या ओळखीच्या एकाला ब्लूटूथ हेडफोनसाठी अ‍ॅम्प विकला आहे. ब्लूटूथने ऐकताना सिग्नल त्या अ‍ॅम्पमधून जातच नाही, हेडफोनचा अ‍ॅम्प त्याच्या कपात असतो. यावर जास्त काय लिहावं!

बजेट कमी असेल तर आधी अ‍ॅम्प लागतो का तेच बघा. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सला (३८ ओहम, ९९ डेसिबल) वेगळा अ‍ॅम्प लागत नाही. ॲपलचा यूएसबी-सी डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) सुमारे १ व्होल्ट देतो, युरोपातल्या आवृत्तीत साधारण निम्मे, आणि त्याचा आउटपुट इंपिडन्स जेमतेम एक ओहम. त्या बोटभर डोंगलमध्ये आणि माझ्या ट्यूबवाल्या डब्यात ३०० ओहमवर एका डेसिबलचाही फरक नाही. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. वेगळा अ‍ॅम्प घ्यायचा नसेल, तर कमी ओहमचा प्रकार निवडणं हीच बचत.

अ‍ॅम्प घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याला लेखी विचारा: ३२ ओहमला किती मिलिवॅट, ३०० ओहमला किती, प्रत्येकी विकृती (आवाज फाटण्याचं प्रमाण) किती टक्के, आणि आउटपुट इंपिडन्स किती. मला नंतर लेखी उत्तर आलं ते असं: “सर, सगळ्या हेडफोनला चालतो.”

ज्यांनी डबा घेतलाच आहे त्यांनी पेटी, बिल आणि छापील दावा यांचे फोटो आजच काढून ठेवावेत. मीटरचा आकडा दिसेल असा छोटा व्हिडिओ करावा, एकदा मोकळा आणि एकदा रेझिस्टर लावून. तक्रारीत ‘आवाज आवडला नाही’ असं लिहू नये, ते आवडीनिवडीवर ढकललं जातं. ‘पेटीवर १००० मिलिवॅट छापलेत, ३२ ओहमवर मोजमापावरून ६च निघतात’ असं लिहावं. माझी तक्रार याच शब्दांत पैसे भरलेल्या कार्डाच्या बँकेकडे गेली आहे. विक्रेत्याने अजून उत्तर दिलेलं नाही.