स्टोनी आयलंड आर्ट्स बँक, शिकागो: घाईत उरकू नये अशी जागा
कलाकार थीस्टर गेट्स कुंभारकाम आणि नगररचना शिकलेले, आणि इथे दोन्ही दिसतं. 1923 सालची ही बंद पडलेली बँक त्यांनी शहराकडून 1 डॉलरला घेतली. पैसा उभा करायला आतल्याच संगमरवराचे तुकडे ‘रोखे’ म्हणून प्रत्येकी 5,000 डॉलरला विकले (डोकं बघा!). 2015 मध्ये कलादालन आणि संग्रहालय म्हणून दारं उघडली.

पोपडे उडालेलं छत आणि गंजलेली तिजोरी मुद्दाम तशीच ठेवली आहे. खरा ऐवज वेगळाच: ‘एबनी’, ‘जेट’ ही कृष्णवर्णीय अमेरिकनांची नियतकालिकं पूर्वी काढणाऱ्या जॉन्सन पब्लिशिंगचा ग्रंथसंग्रह, ‘हाऊस’ या नृत्यसंगीत प्रकारातले डीजे फ्रँकी नकल्स यांच्या रेकॉर्डी, सुमारे 60,000 काचेच्या स्लाइड्स. नुसती चक्कर मारली तर कपाटंच दिसतात. संग्रहातलं काही पाहायचं असेल तर आधी विचारून जा. उघडण्याचे वारही तेव्हाच तपासा.