सात माणसं, एक घाट: नवी डिझेल कॅरेन्स क्लॅविस घ्यावी की सीएनजी एर्टिगा?

पैसे वाचवायला डिझेल घेत असाल, तर थांबा. हा हिशेब आता बसत नाही. २०१२-१३ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे वीस-पंचवीस रुपयांचा फरक होता, तेव्हाची गोष्ट वेगळी. आज डिझेल घ्यायला एकच चांगलं कारण उरलंय: भरलेली गाडी चढावर नेणं. आमच्या घरी ते कारण होतं. कोल्हापुरात राहायचं, गाव कणकवलीकडे, लेक पुण्यात शिकायला, आणि कुठेही निघालं की गाडीत सहा-सात डोकी. म्हणून किया कॅरेन्स क्लॅविसचं डिझेल मॅन्युअल घेतलं. पण शेवटपर्यंत समोर उभी होती ती मारुती एर्टिगा सीएनजी, आणि ओळखीतल्या निम्म्या लोकांना मी आजही तीच घ्या म्हणतो.

आधी इंजिनाबद्दल, कारण खरा फरक तिथेच आहे.

क्लॅविसचं डिझेल १४९३ सीसीचं. ताकद ११६ पीएस, टॉर्क (म्हणजे गाडी ओढायचा जोर) २५० न्यूटन मीटर, आणि तो टॉर्क १५०० ते २७५० आरपीएममध्येच (इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांत) मिळतो. एर्टिगा सीएनजीवर असते तेव्हा ताकद ८८ पीएस आणि टॉर्क १२१.५. म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि तोसुद्धा ४००० च्या वर आरपीएम नेल्यावर. कागदावरचे हे आकडे शहरात काहीच सांगत नाहीत. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलवर दोन्ही गाड्या सारख्याच रखडतात.

फोंडा घाटात मात्र चित्र बदलतं. राधानगरी-दाजीपूर सोडून घाट उतरताना काही वाटत नाही, परतीच्या चढावर कळतं. सात माणसं म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास वजन, वर आंबे, नारळ, तांदळाचं पोतं, आणि एसी बंद करायला कोणी तयार नसतं. अशा वेळी डिझेल दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढतं. पुढे उसाचा ट्रक असेल, तर मोकळा पट्टा दिसताच पाय दाबायचा की गाडी पुढे. सीएनजी एर्टिगा त्याच घाटात चढत नाही असं नाही. चढते, पण दुसऱ्यावर ओरडत चढते, आणि ट्रक ओलांडायचा तर आधी पेट्रोलवर टाकावी लागते. मेव्हण्यांच्या एर्टिगात बसून मी हे पाहिलंय. ते स्वतः शांतपणे ट्रकच्या मागेच राहतात आणि वर पोचल्यावर चहा घेतात. त्यांना घाई नसते. तुम्हालाही नसेल, तर हा सगळा परिच्छेद विसरलात तरी चालेल.

डिझेलची एक खोड लगेच लक्षात येते. १५०० च्या खाली इंजिन मेलेलं असतं. घाटातल्या अरुंद वळणावर तिसऱ्यावर आळस करून वळवलीत, तर गाडी हुंदके देते. दुसरा टाकायचा, वळायचं, मग सोडायचं. दोन-चार फेऱ्यांत हात बसतो. सकाळी पहिल्यांदा चालू केली की बाहेर उभ्या माणसाला टकटक ऐकू येते. काचा वर घेतल्या की आत फारशी येत नाही. हायवेवर सहाव्या गिअरमध्ये शंभरच्या वेगाला काटा दोन हजारांच्या आसपास असतो आणि मागची मंडळी झोपतात.

अ‍ॅव्हरेजचं बोलू. कंपनी क्लॅविस डिझेल मॅन्युअलला लिटरमागे १९.५४ किलोमीटर सांगते, ऑटोमॅटिकला १७.५. मला पुणे हायवेवर खंबाटकीसकट अठराच्या आगेमागे मिळतं आणि शहरात तेरा-चौदा. मिळून सतरा धरा. एर्टिगा सीएनजीचा जाहीर आकडा किलोमागे २६.११, आणि प्रत्यक्षात बावीस धरायला हरकत नाही. डिझेल ९१ रुपये आणि सीएनजी ९० रुपये धरलं, तर किलोमीटरला डिझेलचे साडेपाच रुपयांच्या जरा आत आणि सीएनजीचे चारच्या जरा वर. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सव्वा रुपया सीएनजीवाला वाचवतो. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरलात, तर अठरा-एकोणीस हजार.

त्याच्या आधी विकत घेतानाच खिसा कापला जातो तो वेगळा. चार मीटरपेक्षा लांब असल्यामुळे दोन्ही गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी सारखाच, ४० टक्के. पण महाराष्ट्रात पासिंगच्या वेळी जो एकरकमी कर भरतो, तो इंधनावर ठरतो. वैयक्तिक नावावर, १० ते २० लाखांच्या गाडीला डिझेल असेल तर १४ टक्के, पेट्रोलला १२, आणि सीएनजीला जुलै २०२५ मध्ये एक टक्का वाढवूनही ९. पंधरा लाखांच्या डिझेल गाडीचा कर २ लाख १० हजार. बारा लाखांच्या सीएनजीचा १ लाख ८ हजार. शोरूममधला पोरगा ईएमआय सांगताना हे सगळं एका ओळीत गुंडाळतो, म्हणून कोटेशनवरची आरटीओची ओळ स्वतः वाचा. सारख्या सोयींच्या व्हेरियंटमध्ये ऑनरोड फरक चार लाखांच्या घरात जातो. तो इंधनातून भरून निघायचा प्रश्नच येत नाही, कारण इंधनही सीएनजीचंच स्वस्त.

क्लॅविसच घ्यायची ठरली आहे आणि प्रश्न पेट्रोल की डिझेल एवढाच आहे, तर हिशेब वेगळा. मे २०२५ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा सर्वांत खालच्या व्हेरियंटचं साधं पेट्रोल साडेअकरा लाखांना होतं आणि डिझेल साडेतेराला. करातला फरक मिळवला की अडीच लाख. साध्या पेट्रोल इंजिनाने सात माणसांसह लिटरला बारा किलोमीटर दिले तरी खूप. पेट्रोल १०४ ला धरलं, तर किलोमीटरला साडेआठ रुपयांच्या वर जातं. म्हणजे डिझेल दर किलोमीटरला तीन रुपयांहून थोडे जास्त वाचवतं, आणि अडीच लाख फिटायला पाऊण लाख किलोमीटर लागतात. वर्षाला पंचवीस हजार पळणाऱ्याला तीन वर्षं, दहा हजार पळणाऱ्याला साडेसात. साडेसात वर्षांनी कोणती गाडी कोणाच्या दारात असेल, देव जाणे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि शोरूममध्ये कोणी आपणहून न सांगणारं: डीपीएफ.

बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली की इंजिन जादा डिझेल सोडून तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. यासाठी गाडी सलग, बऱ्यापैकी वेगात चालत असावी लागते. हे काम चालू असताना कसं ओळखायचं? उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा जरा वर दिसतो, डॅशबोर्डवरचं तात्कालिक अ‍ॅव्हरेज अचानक पडतं, आणि त्याच वेळी घरी पोचून गाडी बंद केली तर पंखा जोरात फिरत राहतो, बॉनेटपाशी तापलेल्या लोखंडाचा वास येतो. बिघाड नव्हे, नेहमीचंच काम आहे. पण तुम्ही रोज दोन किलोमीटर शाळेत सोडायला आणि तीन किलोमीटर मंडईत एवढंच फिरत असाल, तर दर वेळी हे काम अर्धवट राहतं. न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे. पुढे दिवा लागतो. तेव्हा साठच्या वर वेग ठेवून वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवायची. तरी विझला नाही, तर सर्व्हिस सेंटर, आणि जाळी बदलायची वेळ आली तर खर्च मोठा.

कोल्हापुरात राहणाऱ्याला कागल किंवा पेठ नाक्याकडे एक चक्कर मारणं अवघड नाही, हायवे दाराशीच आहे. पुण्यात कोथरूड ते डेक्कन करणाऱ्याला, किंवा दादर-परळमध्ये अडकलेल्याला मी डिझेल घेऊ नका असंच सांगेन. ऑइलही लो-ॲश, म्हणजे जळल्यावर कमी राख सोडणारं, लागतं, कुठल्याही गॅरेजातलं स्वस्त ऑइल टाकून भागत नाही.

सीएनजीची कटकट वेगळ्या जातीची. टाकी ६० लिटर पाणी मावेल एवढी. पूर्ण २०० बारचं प्रेशर मिळालं तर नऊ किलोच्या आसपास गॅस, संध्याकाळच्या गर्दीत प्रेशर पडलं की सात. म्हणजे दीडशे ते दोनशे किलोमीटर. कोल्हापूर-पुणे दोनशे तीस. वाटेत एकदा रांग आलीच, आणि भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, झोपलेल्या बाळालाही उचलून. गणपतीत मुंबई-गोवा मार्गावरच्या पंपांवर काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मात्र ४५ लिटरची पेट्रोलची टाकीही असतेच, गाडी अडकून पडत नाही. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी) करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

आणि डिकी. सीएनजी एर्टिगात सिलिंडर डिकीत, त्यामुळे तिसरी रांग उघडी असली की मागे जवळपास काही मावत नाही. क्लॅविसमध्ये सातही सीट उघड्या ठेवून २१६ लिटर जागा आहे, म्हणजे दोन उभ्या सॅक, एक आंब्याची पेटी आणि फटीत चपला. यापुढचं सामान कॅरिअरवर किंवा मांडीवर. सात माणसं आणि सात बॅगा घेऊन जाणारी गाडी या किमतीत नाही, हे आधीच मान्य करा.

बसायला क्लॅविस सरस. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २७८० मिलिमीटर, एर्टिगाचा २७४०. चाळीस मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ, पण तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे त्यानेच सुटतात. तिथे शिरायला मधली सीट दुमडावी लागते आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाला ते दोन्ही गाड्यांत नकोसं. आजी-आजोबा मधल्या रांगेत, पोरं मागे, हीच वाटणी. सहा एअरबॅग आता दोन्हीकडे सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत, तो वाद संपला. क्लॅविसचं सस्पेन्शन रिकाम्या गाडीत जरा कडक लागतं, भरली की छान बसते. सर्व्हिस सेंटरच्या जाळ्यात मारुतीला तोड नाही. तालुक्याच्या गावी राहत असाल, तर हा मुद्दा माझ्या सगळ्या टॉर्कपेक्षा मोठा आहे.

टोयोटाच्या इनोव्हा क्रिस्टाचं काय, असं हमखास विचारलं जातं. २.४ लिटर डिझेल, १५० पीएस, मागच्या चाकांना ताकद, वेगळ्या चासीवर (लोखंडी सांगाड्यावर) उभी, सात जणांना घेऊन पाच लाख किलोमीटर पळायला बनवलेली. बजेट असेल, तर वाद नाही. पण ऑनरोड वीस लाखांच्या बरीच पुढे जाते, आणि आता फक्त मॅन्युअलच मिळते. जड क्लच रोज दाबायची तयारी हवी.

डिझेलवर सरकार कधी बंदी आणेल, ही धास्ती लोक घालतात. डिझेल गाडी दहा वर्षांत बाद करायचा दिल्लीसारखा नियम महाराष्ट्रात नाही. खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणावरून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला सांगितलं, सरकारने समितीही नेमली. मुंबईत राहणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं. गावाकडच्याने यावर झोप उडवून घेऊ नये.

तेव्हा माझी विभागणी अशी. वर्षाला पंधरा हजारांच्या आत, बहुतेक शहरात, घाट वर्षातून दोनदा: एर्टिगा सीएनजी, आणि उरलेले चार लाख बँकेत. महिन्यातून दोन-तीनदा लांबचा पल्ला, गाडी भरलेली, वाटेत घाट: डिझेल. दोन्हीच्या मध्ये असाल, तर टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. शोरूमवाले रिकामी गाडी रिंग रोडवर फिरवून आणतात, त्यात दोन्ही गाड्या चांगल्याच वाटतात. घरातली सगळी माणसं बसवा, एसी पूर्ण लावा आणि जवळचा चढ गाठायला सांगा. कोल्हापुरात असाल तर जोतिबाचा डोंगर पुरेसा आहे. सेल्समन कुरकुर करेल, करू द्या.