गळती थांबली म्हणे! माझे ३,८५,००० गेले

लाज वाटते, तरी लिहितोय. बँकेत पस्तीस वर्षं लोकांची कर्जप्रकरणं तपासली आणि स्वतःच्या बांधावर मीच गंडलो.

गगनबावडा रोडला आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. वडिलांनी ओढ्यावर घातलेला ६ मीटर उंचीचा मातीचा बांध, पाण्यात दोन बोटी. पायथ्याला जुना पाझर, पण नितळ. एप्रिलमध्ये एक ठेकेदार आला. "सर, तिवऱ्याचं काय झालं बघितलासा न्हवं?" चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, ती २ जुलै २०१९ ची रात्र कोण विसरेल? आमच्याही बांधाखाली दोन घरं आहेत. मी घाबरलो, त्यात मे महिन्याचं बुकिंग तोंडावर.

ठरलं असं: पाणी उतरवून आतल्या बाजूनं खणायचं, काळी माती थराथरानं भरायची, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. २,००,००० आरटीजीएसने, १,२५,००० फोनवरून आणि 'इंजिनिअरच्या दाखल्याचे' ६०,००० रोख. पावती नाही. माहीत आहे, बोलू नका.

रोलर आलाच नाही. पोकलेनवाला बकेटनं माती थोपटत होता. तिसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन बांधावर गेलो तर गडी खाली, कोरड्या बाजूला, पाझराच्या तोंडात सिमेंट कोंबतायत! आमचे गडीमामा म्हणाले, "सायेब, हितनं येतंय ते येऊ द्या की. कोंडलं की दुसरीकडनं फोडतंय." मी म्हणालो, "मामा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य अजून झोपू देत नाही.

जूनमध्ये उताराच्या मध्यावर पाणी फुटलं, चहाच्या रंगाचं. बाटलीत भरून ठेवलं तर तळाला बोटभर गाळ. नितळ पाझरावर लक्ष ठेवायचं. गढूळ आला म्हणजे बांध आतून धुपतोय, त्याच तासाला पाणी उतरवायला लागा. ठेकेदारानं उरलेला मुरूम सांडव्यातच ओतला होता. तो उपसला, चार दिवस दोन पंप चालवले, खालच्या घरांना हलवलं. आणखी ४२,००० गेले.

आता तक्रार. पाटबंधारेवाले म्हणाले, २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना, १० ते १५ असेल तर अटींवर. तुमचा ६ मीटरचा आमच्याकडे येत नाही. जिल्हा परिषदेत 'खाजगी आहे'. तहसीलला 'अर्ज ठेवून जा'. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. म्हणजे बांध फुटला तर गुन्हा माझ्यावर, आणि फुटायची सोय करणारा दिवाणी! दाखल्यावर बांधाची उंची ४ मीटर लिहिली आहे, तो शिक्का मारणारा इंजिनिअर बांधावर फिरकलाही नव्हता. तेवढंही कुणी वाचलं नाही. मीसुद्धा नाही.

रोलर दिसल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका. बांधावर उगवलेली झाडं लहान असतानाच काढा, मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते.

तो ठेकेदार आता पन्हाळ्याकडे शेततळ्यांची कामं घेतोय म्हणे. येताक्षणी तिवऱ्याचं नाव काढतो, त्यावरून ओळखा.