सीपॅप मशीन घेताना: विमा, सरकारी योजना की खिसा? आणि डीलर गावचा की बाहेरचा?

झोपेत वारंवार श्वास थांबतो, त्या आजाराचं नाव स्लीप ॲपनिया. त्यावर मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन म्हणजे सीपॅप. स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्रभरच्या झोपेच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की घरात या मशीनबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इन्शुरन्समध्ये बसतंय का?" माझा एएचआय ३४ आला होता. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास थांबत होता किंवा अपुरा पडत होता. ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढं तीव्र. बायकोला या आकड्यांचं काही नवल वाटलं नाही. दोन वर्षं तिनं शेजारी जागून ते कानांनीच मोजलं होतं.

विम्याच्या त्या प्रश्नात मी दीड महिना घालवला. तुमचा वाचावा म्हणून आधी तेच सांगतो.

आपल्या साध्या मेडिक्लेममध्ये घरी वापरायचं सीपॅप मशीन बहुतेक वेळा बसत नाही. पॉलिसी मुळात भरती झालेल्या रुग्णाच्या खर्चासाठी असते आणि घरचं मशीन हे "बाहेरून वापरायचं टिकाऊ उपकरण" ठरतं. पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींचं पान उघडा, सीपॅप आणि त्याच्याच जातीचं बायपॅप यांचं नाव तिथं बऱ्याचदा सरळ लिहिलेलं सापडेल. दवाखान्यात भरती असताना हेच मशीन लावलं, तर तो खर्च उपचारात धरला जातो. त्यामुळं "सीपॅप कव्हर आहे की!" असं एजंट म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फक्त अर्धं बोलतो.

"एक रात्र ॲडमिट दाखवू, स्लीप स्टडीचे पैसे निघतील" हा सल्लाही मिळेल. निव्वळ तपासणीसाठी भरती हे नेहमीचं एक्सक्लूजन आहे. शिवाय नसलेला आजार दाखवून क्लेम करणं म्हणजे पुढच्या खऱ्या क्लेमच्या वाटेत आपणच काटे पेरणं. कन्झ्युमेबल्सचं जास्तीचं कव्हर घेतलं तरी त्यातून हातमोजे, सिरिंज असला दवाखान्यातला किरकोळ खर्च निघतो, घरचं मशीन नाही.

गंमत पाहा. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेला विमा कधी द्यायचा याच्या नियमात, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ किंवा जास्त असेल तर सोबतचा गंभीर आजार म्हणून तीव्र स्लीप ॲपनिया चालतो. लाखांच्या ऑपरेशनसाठी हा आजार गंभीर, आणि चाळीस हजारांच्या मशीनसाठी मात्र तुमचं तुम्ही बघा.

थोड्या नव्या पॉलिसींत टिकाऊ उपकरणांचं वेगळं कव्हर जोडता येतं. पण निदान झाल्यावर पॉलिसी घ्यायला गेलात तर हा आधीपासूनचा आजार ठरतो आणि त्याचा वेटिंग पिरियड तीन वर्षांपर्यंत असू शकतो. (एप्रिल २०२४ पूर्वी चार होता.) तीन वर्षं प्रीमियम भरायचा आणि तोवर रात्री गुदमरत काढायच्या, हा हिशोब मला जमला नाही. आजार लपवून पॉलिसी घेणं तर त्याहून महागात पडतं. उद्या हार्टचा क्लेम आला की ती लपवाछपवी नेमकी तेव्हाच बाहेर येते.

नोकरी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत असेल तर मात्र एक दार ठोठावून पाहा. ग्रुप पॉलिसीच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात. एचआरला तोंडी विचारू नका, टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम पाहणारी संस्था) ईमेलवर उत्तर मागवा. नकार आला तरी कलमासकट येऊ द्या. क्लेम चुकीच्या कारणानं नाकारलाय असं वाटलं, तर आधी विमा कंपनीकडं लेखी तक्रार आणि मग पुण्याचे विमा लोकपाल. मराठवाडा त्यांच्याच कक्षेत येतो.

खरा फरक पडतो तो सरकारी योजनांत. केंद्राचे निवृत्त कर्मचारी सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेत असतील, किंवा घरात माजी सैनिक त्यांच्यासाठीच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे सभासद असतील, तर त्यांना घरच्या मशीनसाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळते. तिथं सगळा खेळ क्रमाचा आहे: स्लीप स्टडी, तज्ज्ञाची शिफारस, मंजुरी, आणि मगच खरेदी. घाईनं आधी मशीन आणून नंतर बिल घेऊन फिरू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरतीच्या ठरलेल्या पॅकेजवर चालते, घरी नेण्याच्या मशीनसाठी तिच्यावर विसंबू नका.

इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून हुरळूनही जाऊ नका. तिकडं मेडिकेअर ही सरकारी विमा योजना १३ महिने मशीनचं भाडं भरते आणि मग ते रुग्णाचं होतं, पण रुग्ण नियमित मशीन लावतोय हे सिद्ध करावं लागतं. आपल्याकडं मशीन लावा नाहीतर कपाटात ठेवा, विचारायला कुणी येत नाही.

तर माझ्यासारख्या बहुतेकांचे पैसे खिशातूनच जाणार. मग कुठून घ्यायचं?

ऑटो सीपॅप (दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन) साधारण तीस-पस्तीस हजारांपासून सुरू होतं, नावाजलेल्या कंपनीचं वरचं मॉडेल त्याच्या दुपटीच्या पुढं जातं. रेसमेड, फिलिप्स, बीएमसी ही नावं कानावर येतील. मला विचाराल तर मशीनच्या नावापेक्षा मास्क मोठा. हवा गळणारा मास्क लावून सत्तर हजारांचं मशीन लावलं काय अन् तीस हजारांचं काय, पहाटे ते उशाशीच सापडणार.

ऑनलाइन मशीन तीन-चार हजारांनी स्वस्त दिसतं. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या डीलरकडं मॉडेल जास्त असतात. नांदेड, देगलूरकडच्या लोकांना हैदराबाद तसंही जवळचं. पण माझा पहिला मास्क असाच कुरिअरनं आला. फोनवर "मीडियम सगळ्यांना बसतो" म्हणाले होते. माझ्या नाकाला काही तो बसला नाही, अन् उघडलेला मास्क परत घेणार नाही म्हणून त्यांनी हात वर केले. पुढं जिल्ह्याच्या ठिकाणचा डीलर गाठला. त्यानं घरी येऊन तीन मास्क लावून दाखवले, मला आडवं झोपवून कुशीवर वळवलं, तेव्हा कळलं की दाढी-मिशीमुळंही हवा गळते. त्याचे तीन हजार जास्त गेले. मला ते स्वस्त वाटले.

डीलर गावचा असो की बाहेरचा, त्याला तीन गोष्टी विचारा. महिनाभर भाड्यानं देता का, आणि पुढं विकत घेतलं तर भाडं वळतं करता का? मशीन बिघडलं तर दुरुस्तीपर्यंत बदली मशीन मिळेल का? आणि प्रेशर कोण बसवणार? ते डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणंच बसलं पाहिजे, डीलरच्या अंदाजानं नाही. पेटीवर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक पाहा. बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मशीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुनाच दर लावलेला नाही ना ते तपासा.

जुनं मशीन घेणार असाल तर एकच सांगतो. जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आवाज शोषणारा आतला फोम खराब होतो म्हणून ड्रीमस्टेशनसह बरीच मॉडेलं परत मागवली होती. सीरियल नंबर तपासल्याशिवाय ओळखीच्या माणसाकडूनही घेऊ नका. मास्क आणि नळी तर नवीनच.

आपल्या मराठवाड्याच्या दोन अडचणी मात्र कुठलाच डीलर आपणहून सांगत नाही. पहिली पाण्याची. हवेला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी घातलं तर काही दिवसांत तळाला पांढरा थर धरतो. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. दुसरी लाइटची. मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. रात्री लाइट गेली तर ह्युमिडिफायर बंद करा, बॅटरी कितीतरी जास्त टिकते. खेड्यात राहत असाल तर फिल्टर महिन्याची वाट न पाहता बदला. तुरीच्या खळ्याच्या दिवसांत माझा आठवड्यात काळा झाला होता.

मी शेवटी भाड्यानं एक महिना वापरून तेच मशीन घेतलं, डीलर आपल्या जिल्ह्याचाच. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय काही सुटत नाही, म्हणून वायरमनला बोलावून वर वेगळा पॉइंट काढून घेतलाय. कूलर आणि मशीन एकाच बोर्डावर लावले होते, पहिल्याच रात्री फ्यूज उडाला.