राजारामपुरीतील स्पीकिंगची बॅच: सहा आठवड्यांचा अनुभव

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगसाठी, म्हणजे बोलण्याच्या भागासाठी, वर्ग लावावा की घरीच तयारी करावी, असे गेल्या दोन महिन्यांत मला रुग्णालयातल्या चार-पाच सहकारी परिचारिकांनी विचारले. प्रत्येकीला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ज्या वर्गात मी सहा आठवडे गेले, त्याविषयी येथे सविस्तर लिहावे असे ठरवले. माझे शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात झाले, नंतर जनरल नर्सिंग केले आणि नऊ वर्षे मी वॉर्डात काम करते आहे. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी करायची तर या परीक्षेत ऐकणे, वाचणे आणि बोलणे या तिन्हींत किमान ७ आणि लेखनात ६.५ बँड (गुणांची श्रेणी) लागतात. पहिल्या प्रयत्नात माझे ऐकणे आणि वाचणे निभावले, लेखनही काठावर ६.५ आले, पण स्पीकिंगमध्ये ६ वर अडकले.

त्या प्रयत्नाआधीही मी एक वर्ग लावला होता. तिथे पन्नास-साठ विषयांवरची तयार उत्तरे छापलेली जाडजूड झेरॉक्स हाती मिळाली आणि ती पाठ करणे हीच तयारी मानली गेली. मी ती मनापासून पाठ केली, रात्रपाळीतही थोडी उसंत मिळाली की पाने उलटत असे. परीक्षेत ‘तुम्ही राहता त्या भागाविषयी सांगा’ एवढेच विचारले गेले तेव्हा माझे उत्तर धडाधड बाहेर पडले. मग परीक्षकांनी ‘तिथे काय बदलले तर तुम्हाला आवडेल?’ असे विचारले आणि माझी वाचाच बसली, कारण तो प्रश्न झेरॉक्समध्ये नव्हता. पाठ केलेले उत्तर आणि स्वतःचे बोलणे यांत आवाजाची चढउतार, वेग आणि शब्दांची जात अशी काही बदलते की ऐकणाऱ्याला ते दोन वाक्यांत कळते, आणि परीक्षकांना तर ते ओळखण्याचे प्रशिक्षणच दिलेले असते. हे मला या दुसऱ्या वर्गात आल्यावर समजले आणि गेलेल्या परीक्षा-शुल्काचे फार वाईट वाटले.

दुसरा वर्ग एका निवृत्त प्राध्यापिका घरच्याच पहिल्या मजल्यावर घेतात. एका बॅचमध्ये दहा जण, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते साडेआठ. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलेच नाही. मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करायला सांगितले, ‘तुमच्या कामाविषयी दोन मिनिटे बोला’ म्हणाल्या, आणि घरी जाऊन ते मुद्रण ऐकून शब्दन् शब्द वहीत उतरवून आणायला सांगितला. अडखळणे, ‘अं’, अर्धवट सोडलेले वाक्य, सगळे जसेच्या तसे. मी त्या रात्री स्वयंपाकघरात बसून ते उतरवले. दोन मिनिटांत ‘ॲक्च्युअली’ अकरा वेळा आणि ‘व्हेरी नाइस’ सहा वेळा आले होते, आणि सात वाक्यांपैकी चार वाक्यांना शेवटच नव्हता, कारण मध्येच दुसरे काहीतरी सुचून मी पहिले सोडून दिले होते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या वहीवर लाल पेनने एकही दुरुस्ती केली नाही. कुठे थांबले आणि का थांबले, एवढेच मला शोधायला लावले. शब्द आठवत नव्हता म्हणून थांबले, की काय सांगायचे हेच ठरले नव्हते म्हणून? माझ्या बाबतीत बहुतेक ठिकाणी दुसरे कारण निघाले. या वर्गाकडून मला जे काही मिळाले त्यात ही एक सवय सर्वांत मोलाची आहे आणि ती आजही मी सोडलेली नाही.

परीक्षेची रचना मॅडमनी एका तासात संपवली आणि ते योग्यच होते, कारण ती फार गुंतागुंतीची नाही. मुलाखत अकरा ते चौदा मिनिटांची असते. पहिल्या भागात चार-पाच मिनिटे घर, काम, आवडीनिवडी. दुसऱ्या भागात हाती एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अनुषंगाने चार-पाच मिनिटे चर्चा. बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना सारखेच वजन असते. मत बरोबर की चूक याला गुण नसतात, ही गोष्ट आम्हा दहा जणांपैकी निम्म्यांना ठाऊक नव्हती.

खरी शिकवण दुसऱ्या भागात दिसली. ‘पाण्याजवळच्या एखाद्या ठिकाणाचे वर्णन करा’ असे कार्ड आले. कोल्हापूरच्या माणसाला यावर विचार करावा लागतच नाही. मी रंकाळा घेतला आणि हा तलाव किती सुंदर, किती प्रसिद्ध, किती पर्यटक येतात, हे सांगून चाळीस सेकंदांत गप्प बसले. मॅडमनी मराठीतच विचारले, “शेवटच्या कधी गेला होतात तुम्ही?” मी म्हटले, मागच्या गुरुवारी, ड्युटी संपल्यावर. “बरोबर कोण होतं?” वडील. “ते काय बोलले?” मग मला आठवले की कठड्यावर बसून भेळ खाताना वडिलांनी संध्यामठाकडे बोट दाखवले होते. पावसाळ्यात पाणी चढले की ती दगडी वास्तू बुडते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की पुन्हा दिसू लागते; शाळेला सुट्टी लागली की पाणी किती खाली गेले ते बघायला ते भावंडांना घेऊन येत असत, असे ते सांगत होते. “हेच इंग्रजीत सांगा,” मॅडम म्हणाल्या. मी एक मिनिट पन्नास सेकंद बोलले. गुरुवारचे सांगताना भूतकाळ आला, वडिलांच्या लहानपणाचे सांगताना ‘यूज्ड टू’ आले, तेव्हाच्या आणि आताच्या पाण्याची तुलना आली, आणि बुडणे-उघडे पडणे यासाठी योग्य क्रियापदे शोधताना दोन नवे शब्दही कायमचे बसले. व्याकरणाची जी विविधता मी झेरॉक्समधून गोळा करत होते, ती वडिलांच्या एका आठवणीत आपसूक होती. त्या एका मिनिटात कागदावर काय लिहायचे हेही त्यांनी त्याच उदाहरणावरून दाखवले: गुरुवार, वडील, भेळ, मठ, पाणी, एवढे पाचच शब्द. ती टिपणे कोणी तपासत नाही, त्यामुळे वाक्ये लिहिण्यात वेळ घालवणे व्यर्थ आहे.

चुकांच्या बाबतीत मॅडमचा अभ्यास दांडगा आहे, कारण त्या आमच्या चुका आमच्या मराठीत शोधतात. इकडे आपण ‘मला कळंना झालंय’ सहज म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ येते. ‘तिथेच’ मधला ‘च’ आपण ‘देअर ओन्ली’ करून नेतो आणि ‘विषयी चर्चा करणे’ हे ‘डिस्कस अबाउट’ होते. उच्चारांत तर मला धक्काच बसला. आपण प्रश्नार्थक शब्द ‘व्हॉट’, ‘व्हेन’, ‘व्हाय’ असे लिहितो आणि तसेच म्हणतो. पण त्यांचा आरंभ ओठ गोल करून होतो, तर शिरेसाठीच्या ‘व्हेन’ या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. रोज सलाइन लावणाऱ्या मला या दोन शब्दांत फरक आहे हेच माहीत नव्हते. तसेच ‘लिव्हिंग’ आणि ‘लीव्हिंग’: मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण बेफिकीर असतो, पण रुग्ण जगतो आहे की निघाला आहे हे इंग्रजीत त्या एका स्वरावर ठरते. परदेशी धाटणीने बोलण्याची गरज नाही, आपला मराठी हेल राहिला तरी चालतो, समोरच्याला प्रत्येक शब्द सहज कळला पाहिजे, हे त्या वारंवार सांगतात आणि धाटणीची नक्कल करणाऱ्या मुलांना लगेच थांबवतात.

तिसऱ्या भागाची तयारीही चांगली झाली, मात्र तिथे मला सर्वांत जास्त वेळ लागला. माणसे नदीकाठी का वसतात, असा प्रश्न आल्यावर मी २०१९ च्या महापुराचे सांगत बसले, पंचगंगेचे पाणी, बंद झालेले रस्ते, वॉर्डात अडकलेले आम्ही. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या की हे दुसऱ्या भागाचे उत्तर झाले. इथे आधी समाजाविषयी एक विधान हवे, मग त्याचे कारण, मग दुसरी बाजू, आणि पुराचे उदाहरण हवे तर एका वाक्यात. स्वतःच्या आयुष्यातून बाहेर पडून सर्वसाधारण बोलणे मला मराठीतही जड जाते, हे त्या दिवशी लक्षात आले. यासाठी त्यांनी रोज वर्तमानपत्रातली एक बातमी घेऊन घरच्यांशी आधी मराठीत वाद घालायला सांगितला, आणि त्याचा उपयोग झाला.

आता उणिवा. सहा आठवड्यांत पूर्ण लांबीच्या सराव-मुलाखती दोनच झाल्या आणि दोन्ही मॅडमनीच घेतल्या. त्यांचा आवाज, त्यांचा वेग, त्यांचे मान डोलावणे याची इतकी सवय होते की दुसरा माणूस समोर आला की गोंधळायला होते. शेवटच्या दोन आठवड्यांत बाहेरच्या कोणाला तरी बोलावून मुलाखती घ्यायला हव्यात. शब्दातल्या आघाताकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ‘हॉस्पिटल’ मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आणि ‘हॉस्पिटॅलिटी’ मध्ये तो ‘टॅ’ वर, ही गोष्ट एका तासात उरकली, आणि आपण मराठी माणसे सगळी अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारत असल्याने या विषयाला किमान एक आठवडा द्यायला हवा होता. खोलीच्या रस्त्याकडच्या खिडकीतून वाहनांचा इतका आवाज येतो की ध्वनिमुद्रण नीट ऐकू येत नाही. आणि पाळीत काम करणाऱ्यांची अडचण अशी की चुकलेल्या तासाची भरपाई पूर्ण बॅचमध्ये एकदाच मिळते. माझे चार तास गेले.

परीक्षा मी पुण्यात दिली. परीक्षक झपाट्याने बोलत होते आणि पहिलाच प्रश्न मला कळला नाही. मी तो पुन्हा विचारण्याची विनंती केली, जे करण्यात काही गैर नाही हे वर्गात कळले होते. कार्डावर एका वृद्ध व्यक्तीविषयी बोलायचे होते. मी वॉर्डातल्या एका आजींविषयी बोलले, ज्या रोज सकाळी माझ्या डब्यात काय आहे ते विचारत. दोन मिनिटे झाली आणि परीक्षकांनी वाक्याच्या मध्येच थांबवले. वेळ संपली की तसे थांबवतातच, हे ठाऊक असल्याने घाबरले नाही. निकालात स्पीकिंगला ७ आले.

शुल्क सहा आठवड्यांचे साडेसात हजार रुपये आहे आणि दिलेल्या शिकवणीच्या मानाने मला ते वाजवी वाटते. ज्यांचे इंग्रजी व्याकरण अगदीच कच्चे आहे, साधे वाक्य जुळवताना अडचण येते, त्यांनी आधी तीन-चार महिने पायाभूत तयारी करून मगच इथे यावे, कारण मॅडम व्याकरण मुळापासून शिकवत नाहीत. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेल्यांनीही पैसे घालवू नयेत. ध्वनिमुद्रण उतरवण्याच्या कामाला फळ यायला मला चौथा आठवडा उजाडला. वाचता-लिहिता येते पण तोंड उघडले की धांदल उडते, अशांसाठी मात्र कोल्हापुरात मी हीच जागा सुचवेन. परिचारिकांनी पैसे भरण्यापूर्वी पुढच्या दोन महिन्यांचे पाळीपत्रक मॅडमना दाखवावे आणि बुडणाऱ्या तासांचे काय, हे त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावे.