बीनो अल्बमची ओरिजिनल एलपी घेताय? मग एकदा चेक केलेली तबकडी परत विकणाऱ्याच्या हातात देऊ नका

मंडळी, इंग्लंडात जे कोणी जुन्या एलपी गोळा करतात त्यांनी हे वाचाच, आणि भारतातून कुणी तिकडच्या भावाला-मित्राला आणायला सांगणार असाल तर त्यालाही पाठवा.

ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉलचा गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनसोबतचा अल्बम ब्लूजब्रेकर्स, ज्याला सगळे बीनो अल्बम म्हणतात कारण कव्हरवर क्लॅप्टन बीनो कॉमिक वाचत बसलाय. डेक्का कंपनी, 1966. लेस पॉल गिटार आणि मार्शल अ‍ॅम्प, तेही मोठ्या आवाजात, आजही ऐकताना अंगावर काटा येतो. ब्रिटनमध्ये तो आधी मोनोतच (एकाच चॅनेलचा आवाज) निघाला, नंबर एलके 4804, लेबल लाल आणि डेक्का नावाभोवती चौकट नाही. स्टीरिओ (दोन चॅनेलची) नंतर आली, एसकेएल 4804, लेबल निळं. आकडा तोच, कव्हरवरचा फोटो तोच, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पहिली मोनोच महाग, आणि फसवणाऱ्या विक्रेत्यांचा सगळा खेळ त्यावरच चालतो.

लंडनजवळच्या एका रेकॉर्ड फेअरमध्ये (जुन्या तबकड्यांचा बाजार) एका स्टॉलवर मला ही दिसली. मी नीट सगळं बघितलं हो, लाल लेबल, चौकट नाही, मोबाईलच्या टॉर्चखाली तबकडीवर लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला एआरएलने सुरू होणारा नंबर (डेक्काच्या मोनोला एआरएल, स्टीरिओला झेडएएल), फोटोही काढला, त्यात स्टॉलवाल्याचा अंगठीवाला अंगठा आलाय. अडीचशे पाउंड ठरले, कार्ड चालणार नाही म्हणाला, कॅश दिली. मग अगदी गोड बोलून म्हणतो, थांबा, आतलं कागदी पाकीट फाटलंय, नवीन घालून देतो, आणि टेबलाखाली वाकला. वर आला तो कव्हर प्लास्टिकमध्ये घालून, चारी बाजूंनी टेप मारूनच.

घरी येऊन टेप कापली तर आत निळं लेबल. चौकटीतलं डेक्का. झेडएएल. कव्हर मात्र तेच, उजव्या कोपऱ्यावर पेनाने लिहिलेलं नावसुद्धा तेच! म्हणजे खरी तबकडी त्याच्याकडेच राहिली आणि ती तो पुढच्या गिऱ्हाइकाला परत दाखवणार, हा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी परत गेलो तर म्हणे तुम्हीच घरी बदलली असेल. पावती मागितली तर फेअरमध्ये कोण पावती देतं. आयोजक म्हणाले हा तुमच्या दोघांतला व्यवहार. पण ब्रिटनच्या 2015 च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे (ग्राहक हक्क कायदा) धंदा करणाऱ्याने सांगितल्यापेक्षा वेगळी वस्तू दिली तर 30 दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात, फेअर असो नाहीतर दुकान. हे सांगितल्यावर तो लगेच म्हणाला मी व्यापारी नाही, हौस म्हणून विकतो. आणि मागे खोक्यांची ही रांग!

तुम्ही घ्याल तेव्हा पाकीट-बिकीट तुमच्यासमोर, टेबलावर बदलायला लावा. टेप मारली असेल तर तिथेच फोडा, मागे लाइन लागली तरी लागू दे. कागदाच्या चिटोऱ्यावर का होईना पण "एलके 4804, मोनो, लाल लेबल" असं लिहून सही घ्या. कार्ड नको म्हणाला तर मी तरी आता सरळ पुढच्या स्टॉलवर जातो.

सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या लोकांना सल्ला देणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीये, तिथून ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते. अंगठीवाल्या अंगठ्याचा फोटो जपून ठेवलाय. पैसे अजून आलेले नाहीत.